छटाकचं मीठ

मंडळी, आज सकाळी लेकीला घेऊन सावंगीच्या दवाखान्यात गेलो होतो. जन्मली तेव्हा ती इतकी हलकी होती की माझ्या आईने तिचं नावच 'छटाक' ठेवलं. आता चौथीत आहे, तरी घरात तेच नाव चालतं.

अशा मुलांच्या रक्तवाहिन्या पुढे ताठर होऊन रक्तदाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टरबाई दरवर्षी तपासतात. दंडावर छोटा पट्टा आवळला तसं मी मनात नाम घेऊ लागलो.

"बाबा, हात दाबून राह्यला हा!" छटाक हसत होती.

"छान आहे सगळं," बाई म्हणाल्या. "फक्त खारट कमी द्या."

घरी सांगितलं तर आई चिडली. "पापड असला तं दोन घास जास्त जातेत तिले!"

संध्याकाळी मात्र तिने नेहमीसारखी मीठ-मोहरी छटाकवरून ओवाळून चुलीत टाकली.

"पाहून घे," मला म्हणाली, "माह्या हातचं मीठ आता वरूनच जाईन, पोटात नाई."

देवाचे, बाईंचे आणि आईचेही आभार. तुमच्या घरातल्या छटाकचा रक्तदाब कधी मोजलात का?