चौकटीतला मजकूर

"मुँह से बता. हाथ मत लगाना."

मालक खुर्चीत. मी उंबऱ्याबाहेर, उन्हात. मानसरोवर वस्तीतलं बॅनर छापायचं दुकान. कालपर्यंत त्या कॉम्प्युटरवर मी बसायचे. आज रस्त्यावर उभी राहून त्याला शिकवत होते, परिच्छेदाच्या कडा सरळ कशा करायच्या ते.

जवळच्या चाकसू गावी शीतलामातेच्या मेळ्यात भंडारा होता, त्याचं बॅनर. मातेच्या महिम्याचा लांबलचक मजकूर. गिऱ्हाइकाला दोन्ही कडा सारख्या हव्या होत्या. मी काल सकाळी तसाच बसवून दिला होता. मालकानं तो पुसून टाकला आणि सगळा पुन्हा स्वतः टाईप केला. कारण मधल्या वेळात त्याला माझी जात कळली होती.

काल जेवणाच्या सुट्टीत मी आमच्या रेल्वे कॉलनीसाठी चौदा एप्रिलचं बॅनर करत होते. बाबा रेल्वेत, वर्ध्याहून इकडे हिंदी मुलखात बदलीवर आलेले. दुर्गापुऱ्याच्या त्या कॉलनीत आमच्यासारखी मोजकीच बौद्ध घरं. मालकानं मागून येऊन पडद्यावरचं 'जय भीम' वाचलं. "अच्छा, तो तुम लोग ये हो," एवढंच म्हणाला. आज सकाळी आले तर कीबोर्डवर गंगाजल शिंपडलेलं.

आता त्याचा मजकूर बसत नव्हता. त्यानं भलतंच बटण दाबलं होतं. शेवटच्या ओळीत दोनच शब्द, एक डाव्या कडेला, दुसरा पार उजव्या कडेला. मध्ये नुसती मोकळी जागा.

"भैयाजी, पूरा सिलेक्ट करो. अब वो बटन, जिसमें आखिरी लाइन लेफ्ट रहती है."

माझाच आवाज मला घाण वाटत होता. त्यानं पुन्हा चुकवलं. गिऱ्हाईक शेजारी चहा पीत बसलेलं. त्याच्याकडे बघून मालक हसला, "इनसे काम दूर से ही लेना पड़ता है." गिऱ्हाईकही हसलं.

डोक्यात तिडीक गेली. मी आत गेले आणि सरळ माउसवर हात ठेवला. त्यानं माझं मनगट धरलं, हात उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा. पुन्हा. करंगळी कडकन मोडली. मी ओरडले. गिऱ्हाईक कप घेऊन बाजूला सरकलं, एवढंच.

टेबलावर फ्लेक्स कापायची स्टीलची पट्टी होती. मी ती डाव्या हातानं उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. भुवई फुटली. तो खाली वाकला तेव्हा परत मारली. मग मॉनिटर ओढून फरशीवर आदळला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

संध्याकाळी बाबा माझ्या प्लास्टरकडे बघत बसले होते. मालकाचा निरोप आला होता, माफी माग, नाहीतर केस करतो.

"पोरी, आपन परक्या गावात रायतो. माग माफी. मिटवून टाक न."

"बाबा, त्यानं माझा हात मोडला."

"तू बी त्याचं तोंड फोडलं न."

"हो. फोडलं."

बाबांना भीती वाटते, आणि त्यांच्या भीतीचा मला राग येत नाही. ती या लोकांनीच त्यांच्यात घातली.

मी माफी मागणार नाही. सकाळी पोलीस ठाण्यात ॲट्रॉसिटीची तक्रार देणार आहे. मी त्याला मारलं हेही तिथेच सांगेन, लपवणार नाही. माझ्यावर केस झाली तर तीही लढेन. बाबा सोबत आले तर ठीक, नाहीतर एकटी जाईन.