ट्रॉलीतलं सागवान

ही गोष्ट माज्या तोंडातून आजवर भाईर पडली न्हाई. ल्योकाला न्हाई, सुनंला न्हाई, देवाम्होरं बसले तरी जिभंवर आली न्हाई. तुमाला का सांगते — मलाच ठावं न्हाई. तुमी मला वळखत न्हाई, म्हनून आसंल.

कुठून धरू? लाकडापासून धरते.

माजा बाप सुतार. त्येच्या हाताखाली म्या लाकूड तासायचा वाकस धरायला शिकले, कोरायची पटाशी मारायला शिकले. पन लगीन झाल्यावर बाईच्या हातात वाकस कोन देतंय? जलम दुसऱ्याच्या रानात खुरपन्यात गेला. घरधनी वारले, ल्योक नगरला कंपनीत लागला, तवा भावानं माळ्यावर टाकल्याली बापाची हत्यारं मागून आनली. पाळन्यावर टांगायच्या चिमन्या करते, राघू करते, यखादा पोळपाट. इकायला न्हाई. हाताला बरं वाटतं म्हनून.

पन लाकूड कुठनं आनायचं? वखारीत सागाला हात लावला तर मानूस म्हनतो, "आज्जे, लांबून बग, ते नवरीच्या दागिन्यावानी हाय." खोटं न्हाई त्येचं. फळांच्या पेटीची फळी घ्यावी तर पटाशी लावली की उभी चिरती. निलगिरी वाळता वाळता पिळा खाती. सुबाभळीला भुंगा. बाभळ चांगली, पन माज्या मनगटात आता तेवढा जोर न्हाई. बाप म्हनायचा, लाकूड मडक्यावानी वाजवून घ्यावं. म्या गावभर वाजवत हिंडले — पडक्या गोठ्याच्या मेढी, कुनाचं मोडकं जू. समदं बद्द वाजायचं. लोक हसायचे.

इथवर काय पाप न्हाई. म्हनून इथवर बिगीबिगी बोलले.

भागाबाई माजी शेजारीन. दोन घरांत यकच भित. लई महिने ती हातरुनाला खिळली हुती. तिची सून रंजना तिला भरवायची, धुवायची, कूस बदलायची. भितीपल्याडनं मला ऐकू यायचं — "आत्याबाई, अजून यक घास. न्हाईतर मी बी जेवनार न्हाई." हे म्या कानानं ऐकलंय, डोळ्यानं बगितलंय. ठावं न्हाई आसं न्हाई.

भागाबाई गेली. आमच्याकडं रीत हाय — कुनी गेलं की ट्रॅक्टरची ट्रॉली घरोघर फिरती, ज्येनं त्येनं आपल्या घरचं लाकूड टाकायचं. वाळल्यालं. मयताला वल्लं लाकूड कुनी देत न्हाई. ट्रॉली शेवटाला माज्या दाराशी आली आन ट्रॅक्टरवाला भागाबाईच्या अंगनात इचारायला गेला, पुरं का अजून पायजे.

म्या मोडक्या बाजंची लाकडं टाकली. आन नजर गेली. कुनी तरी घर पाडून स्लॅबचं बांधलं हुतं, त्येनं जुन्या दाराची चौकट तोडून ट्रॉलीत टाकली हुती. खालच्या अंगाला वाळवी, पन वरलं लाकूड — सागवान. किती वर्सं वाळल्यालं. म्या नखानं खरवडलं, वास घेतला. बोटाच्या पेरानं वाजवलं.

वाजलं.

मंग काय झालं? मला नीट सांगता येत न्हाई. शेजारी भागाबाईला आंगुळ घालत हुते, बाया रडत हुत्या, आन म्या चौकटीचे तुकडे वढून घरात न्हेत हुते. ट्रॉली रिकामी दिसंल म्हनून दारात पडल्याले निंबाचे वंडके उचलून टाकले — लाईटवाल्यांनी तारंखालचा निंब छाटला हुता, त्येचे. वल्ले. सालीतनं अजून पानी येत हुतं. मंग पदर डोळ्याला लावून बायांत जाऊन बसले. रडू खरं आलं का खोटं? आता आठवत न्हाई.

गडी मानसं लई उशिरा परत आली. आंगाला डिझेलचा वास. चिता पेटतच नव्हती म्हनले, नुसती धुपत हुती. मेल्या मानसाची लई इटंबना झाली.

माज्याच लाकडानं पेटली न्हाई का? आदल्या दिशी भुरभुर पाऊस हुता, गोवऱ्या बी सादळल्या आसतील. म्या कितींदा मनात मांडून बगते. ट्रॉलीभर लाकूड, त्यात माजे थोडे वंडके. पन रचताना जाड वंडके खाली घालत्यात, म्हंजे माजेच खाली गेले आसतील. का न्हाई? गुतून जाते, सुटत न्हाई.

पन ते यक येळ ऱ्हाऊ द्या. खरं म्होरं हाय.

लोकांनी अर्थ काढला. म्हातारीचा जीव अन्नात आडाकला. दहाव्याला बाया रंजनाच्या तोंडावर बोलल्या, "जितेपनी पोटात आग, मेल्यावर चितंला आग न्हाई." रंजना पत्रावळ्या मांडत हुती. तिनं मांडायच्या थांबवल्या न्हाईत.

भागाबाईची लेक सुमन माज्याकडं आली. भितीला टेकून बसली. म्हनली, "मावशी, तुमच्यासारकं जवळचं कोन न्हाई. शप्पत घालत न्हाई, नुसतं सांगा. आई उपाशी ऱ्हायची का?"

न्हाई, येवढंच म्हनायचं हुतं. पन न्हाई म्हनलं तर ती म्होरं इचारनार — मंग चिता का पेटली न्हाई? आन माज्या खाटंखाली सागवान हुतं, पोत्याखाली झाकल्यालं. म्या म्हनले, "मला काय ठावं, बाई. ज्येच्या त्येच्या घरातलं."

सुमन उठली. भाऊबीजेला म्हायेरी आली न्हाई. अजून येत न्हाई. रंजनाचा नवरा बायकूसंगं बोलतो, पन तिच्या हातचं ताट घेताना मान खाली घालतो. गावात तिला काय नाव पडलंय ते म्या सांगनार न्हाई.

त्या सागाचे म्या राघू केले. पटाशी लोन्यावानी चालायची. हे बी सांगाया पायजे — मला गोड लागलं ते काम. चोरीचं हाय हे काम करताना यकदा बी मनात आलं न्हाई, मंग आलं. आसं कसं आसतं मानूस?

औंदा माजा गुडगा धरला. चूल न्हाई, गॅसपशी बी हुबं ऱ्हावत न्हाई. रंजना रोज दुपारी भाकर आन कालवन झाकून आनती. म्होरं बसती. "मावशी, अजून चतकोर घ्या," म्हनती.

म्या घेते.