आधी थंडावा, मग दवाखाना

सैन्यातली माझी शेवटची पोस्टिंग नागपूरजवळच्या छावणीत होती. मी हवालदार, डॉग हँडलर. माझी कुत्री तारा, काळी लॅब्रॅडोर, वय पाच वर्षं. स्फोटकं शोधणं हे तिचं काम. माझं गाव नरखेड तालुक्यातलं, पण सतरा वर्षं बाहेर काढल्यावर इथला उन्हाळा मीच विसरलो होतो.

आमचे पशुवैद्यक कॅप्टन मेश्राम उमरेडचे. वय एकोणतीस. परेडवर चोख हिंदी-इंग्रजी बोलायचे. केनेलमध्ये आम्ही दोघंच असलो की आपल्या बोलीवर यायचे.

सकाळी साडेपाचला ते केनेलमध्ये हजर असत. कान, डोळे, दात बघायचे. पंजाच्या बोटांमधल्या फटी उघडून गोचीड शोधायचे. मग ताराचा ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबायचे. दाबलेली जागा पांढरी पडते, ती दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी.

"रोज काहून सर? कुत्री ठणठणीत आहे," मी एकदा म्हणालो.

"म्हणूनच पाहाचं. चांगली असतानाचा रंग माहीत नसन, तं बिघडलेला कसा ओळखसान, राऊत?"

मे महिन्यात एका मोठ्या समारंभाचं मैदान तपासायची ऑर्डर आली. काम सकाळी सहाला सुरू झालं. नऊनंतर कुत्र्याला उन्हात ठेवायचं नाही, असं कॅप्टन साहेबांनी लिहून दिलं होतं. पण खुर्च्यांचे ट्रक उशिरा आले आणि तपासलेला भाग पुन्हा तपासावा लागला. पावणेदहाला प्रेक्षकांना बसायचा शेवटचा एक स्टँड उरला. आमच्या लेफ्टनंट साहेबांनी विचारलं, "राऊत, होईल?"

तारा शेपटी हलवत होती. मी म्हणालो, "होईल सर."

ते शब्द माझे होते. दुसऱ्या कुणावर मी ते ढकलणार नाही.

दहा वाजून पाच मिनिटांनी तारा स्टँडच्या पायरीपाशी बसली.

स्फोटकांचा वास आला की ती बसते. तिला शिकवलेली खूण तीच. मैदानावरची माणसं जागच्या जागी थांबली. लेफ्टनंट साहेब ओरडले, "सगळे मागे! राऊत, मागे या!"

मी दोन पावलं मागे घेतली. तेवढ्यात तिच्या तोंडातून चिकट लाळेची तार लोंबताना दिसली. पुढचे पाय घसरले आणि ती कुशीवर पडली. ही खूण नव्हती. निदान मला तसं वाटलं. खात्री नव्हती. मी धावत आत गेलो, तिला उचललं आणि कडुनिंबाखाली आणलं. हिरडी विटेसारखी लाल झाली होती. थर्मामीटरवर एकशे सात; एरवी तिचं एकशे दोनच्या आत असायचं.

रेडिओ सेट घेतला. "डॉग वन बोलतोय. तारा कोसळली. टेंपरेचर एकशे सात. दवाखान्यात आणतो. ओव्हर."

कॅप्टन साहेबांचा आवाज आला. "आणू नका. आधी तिथंच थंड करा. मी निघालो. ओव्हर."

"बर्फ मागवतो सर. ओव्हर."

"बर्फाची वाट पाहू नका. जवळचं पाणी घ्या. पोट, जांघा, काखा, पंजे. ओला टॉवेल गुंडाळायचा नाही, वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही ओतू नका. एकशे तीनवर आली की पाणी बंद. ओव्हर."

नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. मंडपवाल्यांचे प्यायच्या थंड पाण्याचे कॅम्पर उचलून आणले. एक जवान पाणी ओतत होता, दुसरा पुठ्ठ्यानं वारा घालत होता. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि दर दोन मिनिटांनी आकडा वाचत राहिलो. एकशे सहा. एकशे पाच. कॅप्टन साहेबांची जीप आली तेव्हा एकशे तीन पूर्णांक चार. त्यांनी हिरडी दाबली, मान हलवली आणि सलाईन लावलं.

दुसऱ्या कुत्र्यानं तो स्टँड तपासला. काही निघालं नाही.

तारा तीन दिवस सलाईनवर होती. चौथ्या दिवशी तिनं माझ्या तळहातावरचा भात चाटला. मी कॅप्टन साहेबांसमोर सावधान उभा राहिलो आणि चूक माझी होती असं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"कुत्रं कधीच नाही म्हणत नाही, राऊत. तुमच्यासाठी ते मरेपर्यंत धावन. नाही म्हणाची ड्युटी आपली."

पुढच्या वर्षी त्यांची बदली उत्तरेत, डोंगरात झाली. मी आणि तारा एकाच महिन्यात निवृत्त झालो. अर्ज केला आणि ती माझ्याच घरी आली. आता नागपुरात आमच्या वस्तीतले लोक कुत्र्यांबद्दल विचारायला येतात. मी सांगतो ते सगळं साहेबांचं आहे. डांबरावर तळहात ठेवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. आणि कोसळलाच तर आधी थंडावा, मग दवाखाना.

साहेब हे ऐकायला नाहीत. तिकडे डोंगरात एका चौकीवरची सैन्याची खेचरं आजारी पडली म्हणून ते निघाले होते. वाटेत रस्ता खचला आणि गाडी दरीत गेली. ते आणि ड्रायव्हर, दोघंही गेले.

या हिवाळ्यात ताराला घेऊन मी उमरेडला गेलो. साहेबांच्या आई हातमागावर विणत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी धोटा बाजूला ठेवला.

"हेच का गा ते कुत्रं? मैदानावर पडलं होतं ते?"

"हो, माय."

"त्या दिवशी फोन केला होता त्यानं. म्हणे, माय, आज एक जीव वाचला, पण मी एकट्यानं नाही वाचवला. एक हवालदार आहे, बॉम्ब असन का नसन, पाहिलं नाही, आत धावला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच का तो?"

मी मान हलवून हो म्हटलं. ज्या दिवसासाठी मी स्वतःवर रागावलो होतो, तो साहेबांनी घरी असा सांगितला होता. मी फक्त चूकच लक्षात ठेवली होती.

माय उठल्या, चहा ठेवला. तारासाठी एका वाटीत पाणी आणलं. ती पिईपर्यंत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "पाह्य रे आनंदा, कोन आलं."

कॅप्टन आनंद मेश्राम. पशुवैद्यक. उमरेड. मी फोटोपुढे सावधान झालो आणि सॅल्यूट केला.