सात घरांचा नकाशा

तात्या नकाशा कधी टेबलावर उघडायचे नाहीत. जमिनीवर पसरायचे आणि त्यातली उत्तर खऱ्या उत्तरेला येईपर्यंत फिरवायचे. मध्ये कुणी बसलं असेल तर त्याला उठवायचे. "डोंगर काय तुझ्यासाठी सरकणार न्हाय. तूच सरक."

मोजणी खात्यात निशाण धरणारा खलाशी म्हणून त्यांनी जन्म काढला. निवृत्तीनंतर कोल्हापुरात आमच्या गल्लीत राहायचे. राधानगरीच्या वरच्या पठारावर बॉक्साइटची खाण येणार म्हणून आम्ही पोरांनी रान उठवलं, तेव्हा खात्याने रद्दीत काढलेला एक जुना नकाशा घेऊन ते आपणहून आले. त्यात धनगरांची सात घरं होती, झरा होता, गुरांची वाट होती. नव्या सरकारी नकाशात त्याच जागी एकच शब्द: ओसाड. त्या एका शब्दावर धनगरांचं चराऊ रान कंपनीच्या घशात जाणार होतं.

मी पत्रक छापलं. लाच खाल्लेला मोजणीदार पठारावर चढलाच नाही, असं ठोकून दिलं. तात्यांनी ते वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत ठेवलं.

"खोटं हाय हे. सायब चढलाता. निशाण मीच धरलंतं. भर वैशाख, झरा आटलेला, माणसं म्हशी घेऊन नदीला उतरलेली. हितं कोण राहतं का, म्हणून त्यानं इचारलं. मी म्हटलं, न्हाय. आत्ता न्हाय, एवढंच म्हणायचं राहिलं बघ."

पत्रकं गावोगाव वाटून झाली होती. हे बाहेर आलं तर आपण खोटे पडू, म्हणून खाणीच्या सुनावणीत गप्प बसा, असं मी त्यांना बजावलं.

उन्हाळ्यात आम्ही खाली असतो, असं धनगरांनी सुनावणीत सांगितलं. मोजणी उन्हाळ्यातच झाली याला साक्षीदार आहे का, असं अधिकाऱ्याने विचारलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाराची मान हलवली. ते बसून राहिले. निकाल नव्या नकाशाप्रमाणे लागला.

परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "ती वस्ती मी दोनदा पुसली. एकदा बोलून, एकदा गप बसून."

पठाराला तारेचं कुंपण पडलं. वर्षाच्या आत तात्या गेले. खांदा द्यायला धनगर आले होते. आपल्या बाजूने खात्यातला हा एकटा माणूस उभा राहिला, असं ते एकमेकांना सांगत होते. तिथंही मी गप्पच होतो.