वारा, दरबार आणि पितर

नवऱ्याला स्ट्रोक झाला आणि त्याची वाचा गेली. हात हळूहळू हलायला लागला, शब्द मात्र येईनात. डब्लिनच्या रिहॅबमधली थेरपिस्ट म्हणाली, "गाणी म्हणून बघा. बोलता न येणारे पेशंट कधीकधी गातात." मी स्वतः डॉक्टर, मला हे ठाऊक होतं. घरच्या माणसाच्या बाबतीत सुचलं नाही, एवढंच.

आमची मुलगी कॉलेजात प्राचीन चिनी कविता शिकवते. ती आली होती, बाबांच्या उशाशी बसून लेक्चर तयार करत होती.

"काय शिकवणार आहेस?" मी विचारलं.

"बेसिकच, आई. सगळ्यात जुन्या गाण्यांचे तीन प्रकार. एक साध्या लोकांची, शेतातली, प्रेमाची, तक्रारीची. दुसरी दरबारातली. तिसरी पितरांच्या पूजेत म्हणायची. पहिल्या प्रकाराला जो शब्द आहे ना, त्याचा अर्थ वारा."

मला एकदम आठवलं. इंटर्नशिपला असताना गावाकडचे पेशंट अर्धांगाला 'अंगावरून वारं गेलं' म्हणायचे.

"बाबांसाठी पूजेची ट्राय करू या," ती म्हणाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती हाच सांगायचा. आम्ही दोघींनी आरती म्हटली, त्यानं खिडकीकडे तोंड केलं. मग दरबारातलं म्हणून नाट्यसंगीत लावलं, तर डोळे मिटून घेतले.

मग एका सकाळी थेरपिस्ट त्याला व्यायामाचा रबरी पट्टा ओढायला लावत होती. ओढता ओढता तो गायला लागला. कापणीच्या वेळी म्हणतात तसली भलरी होती, त्याच्या गावच्या वऱ्हाडी बोलीत, एकेक शब्द स्वच्छ. इतक्या वर्षांच्या संसारात मी ती कधी ऐकली नव्हती.

मुलगी फोनवर रेकॉर्ड करता करता रडत होती. "अर्थ काय, आई?"

मी पुण्यात वाढलेली. निम्मे शब्द मलाही कळले नाहीत. ज्याला विचारायचं, त्याला सांगता येत नव्हतं.

पुढे तो त्या भलरीची एकच ओळ म्हणायला लागला. तहान लागली तरी तीच, बाथरूमला जायचं असलं तरी तीच. एकदा मोठमोठ्यानं म्हणत डाव्या मुठीनं गादीवर बुक्के मारू लागला. आम्ही पाणी दिलं, पांघरूण घातलं, उशी बदलली. त्याला यातलं काहीच नको होतं. काय हवं होतं, ते आजही मला माहीत नाही.

आता तो घरी आहे. 'पाणी' म्हणता येतं, 'नको' म्हणता येतं. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "बाबा, ते साँग म्हणा ना." तो म्हणतो, "नको."