वज्रनगरीचा कोतवाल

शरदिनी साठे आणि नरहर भटजी पहिल्यांदा भेटले ते काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या एका अरुंद गल्लीत, समोरासमोर. मागे कोण सरणार यावर ती भेट, नरहरची बायको अंबिका शपथेवर सांगते, पावणेतीन दिवस चालली. दोन्हीकडे भाजीवाले, एक वरात आणि एक सांड खोळंबला. शेवटी सांडानेच शहाणपणा दाखवला आणि तो माघारी वळला.

शरदिनी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर. १९९३ साली भुसावळहून बदलून आलेली. अमेरिकेतल्या भावाने तिला एका खेळाचं पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा पाठवला. एकाने काल्पनिक शहर रचायचं आणि चालवायचं, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्यात हिंडायचं. बेत साधला की फसला ते फासा सांगणार. दोन वर्षं खपून तिने कागदावर वज्रनगरी उभी केली. एक्केचाळीस गल्ल्या, प्रत्येक दुकानदाराचं नाव, स्वभाव आणि दुखणं. त्या शहराखाली आणखी एक शहर होतं, पाण्यात बुडालेलं. ते कोणीतरी बघावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता. तिथल्या दाराची किल्ली वज्रनगरीच्या कोतवालाकडे होती.

खेळायला मिळाले ते खालच्या मजल्यावरचे शेजारी: नरहर, अंबिका आणि बँकेतला विश्वजीत. शरदिनी शहर चालवायची तेही चौकशीच्या खिडकीसारखंच. वेशीवरचा पहारेकरी खेकसायचा, "पुढच्या खिडकीवर विचारा!" जादूगारसुद्धा दीड ते अडीच जेवायला जायचा. यात्रेकरूंची श्राद्धं चालवणारा नरहर खेळात चोर झाला होता, आणि भलताच रंगला होता. दुसऱ्या रविवारी त्याने देवळातला मुकुट लांबवला आणि पुजाऱ्याला विहिरीत ढकललं.

तिसऱ्या रविवारी विश्वजीत म्हणाला, "कोतवालाला लाच देतो." फासा पडला. अठरा.

"घेतली," शरदिनी म्हणाली.

नरहर ताडकन उठला. "कोणी? कोतवालाने? अहो बाई, काशीचा कोतवाल म्हणजे काळभैरव! तो घूस खातो?"

"ही काशी नाही, वज्रनगरी आहे."

"पण आपण बसलोय कुठे? दुसरं नाव द्या त्याला."

"सदतीस ठिकाणी शाईने लिहिलंय."

"मग खोडा!"

"मुकुट चोरलात तेव्हा कुठे होता धर्म?"

"तो मुकुट कागदाचा होता!"

"आणि हा कोतवाल काय पंचधातूचा आहे, भटजी?"

"अंबिके, चल. भुसावळच्या माणसाला शहर काय कळणार! जंक्शन कळतं."

अंबिका अर्धा चहा टाकून गेली. विश्वजीतही गेला, त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध नरहरच चालवणार होता.

शरदिनीने आठवडाभर नरहरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो करता करता ब्लेडने खरवडून सदतीस ठिकाणी कोतवालाचा ठाणेदार केला. रविवारी चार वाजता नकाशा पसरला. साडेपाचला ती खाली गेली. तिघे नरहरच्या खोलीत रमी खेळत होते.

"बदललंय नाव," ती म्हणाली.

"बरं झालं," नरहर पत्त्यांतून डोकं वर न काढता म्हणाला. "अंबिके, टाक लवकर."

बुडालेल्या शहरात कोणीही उतरलं नाही.