कोठडीवाली मावशी

"आधी हात दाखव, मंग बोल."

कुणाच्याही घरी गेली की मावशीचं पहिलं वाक्य हेच. समोरच्या बाईची दोन्ही मनगटं धरायची, उलटी करून पाहायची, मग गळ्याकडे एक नजर टाकायची आणि तेव्हा कुठे खाली बसायची. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिच्या पाहण्याने अंगावर काटा येतो, तरी ती उठून गेली की घर रिकामं वाटतं.

आमच्याकडे ती पहिल्यांदा आली त्या साली जिनिंगच्या यंत्रात बाबांची तीन बोटं गेली होती आणि काम सुटलं होतं. दोन्ही वेळा ज्वारीच्या कण्या शिजायच्या. आईने चांदीच्या पाटल्या मोडल्या हे शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मावशीने आईचे हात उलटे केले, पाटल्यांच्या जागचा फिका वळ पाहिला आणि पाणी पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी कचेरीतला चपराशी निरोप घेऊन आला: कोठडीतल्या कैद्यांच्या भाकरी यापुढे तुम्ही थापा. त्या भाकरींवर आमचं घर चाललं आणि मी वर्ध्याच्या कॉलेजात गेले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

आमचं गाव तालुक्याचं. तहसील कचेरीच्या मागे दगडी कोठड्या होत्या. शिपाई सगळे पुरुष. म्हणून बाईमाणूस पकडून आणलं की गावातल्याच एका बाईला रोजीवर राखणीला बोलावत. ती ही मावशी. एरवी ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. बोलावणं आलं की चपराशी सायकल घेऊन बांधावर यायचा, खाली न उतरता घंटी वाजवायचा. वेचणाऱ्या बायांचे हात थांबत. मावशी ओटीतला कापूस दुसरीच्या ओटीत टाकून निघून जायची. कुणी काही विचारत नसे. कुणाच्या तरी घरची बाई गजांआड गेली एवढं कळायचं, आणि जी ती मनातल्या मनात आपल्या लेकीसुना आठवायची.

बी.ए. झाले त्याच साली मी पेपरात जाहिरात वाचली. तुरुंगाधिकारी हवेत, पदवीधर, बायकांनीही अर्ज करावेत. बाबा म्हणाले, जेलात नोकरी करणारी पोरगी कोण करून घेईल? मी म्हटलं, जेलाच्याच भाकरीवर शिकली न बाबा. ते उठून बाहेर गेले.

मी मावशीकडे गेले. म्हटलं, मले शिकव. ती हसली. तू सोळा बुकं शिकलेली, मी अंगठा लावणारी, म्हणाली. तरी तुझ्या परीक्षेच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाच म्हणाली. मी झडतीचे नियम वाचले, नोंदींचे वाचले, पहाऱ्याचे वाचले. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"कैद्याले कसं पाह्यचं थे बराबर लिवलं हाय," ती म्हणाली. "कैदी तुले पाहून राह्यला असते, थे कुठी लिवलं हाय?"

मी पुस्तक चाळलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात, कापसाचा दुसरा वेचा चालू असताना घंटी वाजली. आणलेली बाई माझ्याच वयाची होती. लहानग्या लेकीला घेऊन तिने विहीर जवळ केली होती. लोकांनी दोघींना वर काढलं. ही वाचली, लेक वाचली नाही. खुनाचा गुन्हा होता.

मी भाकरीची टोपली घेऊन गेले तेव्हा मावशी तिच्या अंगावरचं एकेक उतरवत होती. बांगड्या, जोडवी, गळ्यातली पोत, केसांतल्या पिना. बाई दगडासारखी उभी होती. फक्त उजवी मूठ उघडेना. मावशीने एकेक बोट सोडवलं. आत लेकीच्या कमरेचा करदोटा होता, काळा, तुटून वीतभर उरलेला.

"असू दे न मावशी," मी म्हटलं. "केवढासा दोरा हाय."

मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुले साहेब व्हायचं हाय का तिची बहीण व्हायचं हाय?"

दोरा तिने घेतला. बाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही, ऐकू येऊ नये. मग मावशीने तो दोरा स्वतःच्या मनगटाला बांधला, गजांना टेकून बसली आणि हात बाईला दिसेल असा उंबऱ्यावर ठेवला.

"घे. माह्या हातात हाय. कुठी नाई जात. पाहत राय."

बाई पाहत राहिली. मावशी पाणी प्यायला उठली तरी तिची नजर त्या मनगटामागे जायची. तिसऱ्या दिवशी तिने अर्धी भाकर खाल्ली. पाचव्या दिवशी पहिला शब्द बोलली, "पाणी." मावशीने मला हे बोट नाचवत सांगितलं, जसं एखादीने नातवाला पहिला दात आल्याचं सांगावं. पण लगेच म्हणाली, खायले लागली म्हंजे जगाले लागली असं समजू नको. अंगात ताकद येऊन राह्यली, आता जास्ती जपा लागते.

आठव्या दिवशी सकाळी देवळीहून निरोप आला, मावशीचा भाऊ गेला. माती दुपारची होती. कचेरीतल्या मोठ्या बाबूंनी दुसरी बाई शोधून पाहिली. कुणी वावरात गेलेली, कुणी भीतीने कडी न काढणारी. मावशीच म्हणाली, हिले बसवा, बी.ए. हाय. बाबूंनाही पटलं. माझ्या हातात किल्ली देताना ते म्हणाले, उद्या मुलाखतीत सांगायला होईल. मावशी डोळे पुसत बसकडे धावली. जाताना मला एवढंच म्हणाली, "नजर काढजो नको."

मी ऐटीत बसले. तेव्हा कॉलेजच्या पोरी खांद्याला लांब बंदाची शबनम पिशवी लावत, तशी माझीही होती. गजांजवळच्या खुंटीला ती अडकवली आणि परीक्षेचं पुस्तक उघडलं. बाई आतून माझ्या हातांकडे पाहत होती. आधी डावा, मग उजवा. मला वाटलं, घड्याळ पाहते. मी सांगितलं, अकरा वाजले. थोड्या वेळाने तिने पुन्हा तसंच पाहिलं. मी पुन्हा वेळ सांगितली. दुपारी तिने ताट सरकवून दिलं. मी म्हटलं, भूक लागली की खाईल, आणि वाचत राहिले.

एका पानाशी जाणवलं की आत फार शांत आहे. मान वर केली. खुंटी रिकामी होती.

किल्ली कुलपाला लागेना. आत शिरून मी तिला धरलं, पिशवीचा बंद सोडवला, शिपायांना हाका मारल्या. ते आले तेव्हा ती माझ्या मांडीवर खोकत होती. श्वास चालू होता.

संध्याकाळच्या गाडीने मावशी आली ती थेट कचेरीत. टेबलावर माझी पिशवी होती. तिच्याच शेजारी चालचलणुकीच्या दाखल्यासाठी दिलेला माझा अर्ज. बाबू विचारत होते, पिशवी आत कशी गेली. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "माही हाय. गडबडीत खुंटीवर राह्यली."

अंगठा लावणाऱ्या बाईच्या पिशवीतून माझी कॉलेजची वही डोकावत होती. बाबूंना ती दिसली. पण मला तिथे बसवल्याचं त्यांनाही कुठे दाखवायचं नव्हतं. मावशीने सांगितलं तसंच त्यांनी लिहून घेतलं आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. मी उभी होते. एक शब्द बोलले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काऊन खोटं बोलली?

तिने मनगट वर केलं. करदोटा अजून तिथेच होता.

"खोटं नाई. हा माह्या संग देवळीले गेलता. दिवसभर थे बाई याची वाट पाहून राह्यली असन." मग म्हणाली, "तिले आता नागपूरच्या मोठ्या जेलात धाडतीन. तिथं कोणी पाह्यजे न. तू जाय."

घंटी त्यानंतरही वाजत राहिली, पण दुसऱ्या बाईच्या दारात. मावशी मान खाली घालून वेचत राहायची. लोकांची मनगटं पाहणंही तिने सोडलं. आमच्या घरी येऊन नुसती बसायची, हात पदरात घेऊन. आई चहा द्यायची, तो निवून जायचा.

मी लेखी परीक्षा दिली. पुण्याला मुलाखत झाली. समोरच्या साहेबांनी विचारलं, बाई असून हे काम का? मी म्हटलं, बायकाही कैदी असतात म्हणून. नेमणुकीचा कागद आला तेव्हा मी तो घेऊन वावरात गेले. मावशीने कंबर सरळ केली आणि माझ्याकडून सगळा वाचून घेतला. पगाराचं विचारलं नाही. "याच्यात नागपूर हाय का?"

मी म्हटलं, मागून घेईन.

"मंग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. मी तिला पाहिलं ते शेवटचं. मी पुण्याला ट्रेनिंगमध्ये असताना ती गेली. आईच्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या, तोवर तिचे दिवसही होऊन गेले होते.

नागपूर मी मागून घेतलं. बायकांच्या बराकीत ती विहिरीवाली बाई होती. तिने मला ओळखलं आणि भिंतीकडे तोंड केलं. वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्या वर्षात आणखी एकदा तिने जीव द्यायचा प्रयत्न केला, आणि तेव्हा माझी नजर तिच्यावर होती. पुढे ती विणायला लागली, भांडायला लागली, भाजीत मीठ नाही म्हणून माझ्यावर ओरडली. त्या दिवशी मला मावशीला पत्र लिहावंसं वाटलं.

तिची शिक्षा पुरी झाली त्या दिवशी भाऊ न्यायला आला होता. मोठ्या दरवाजातून ती स्वतःच्या पायांनी बाहेर गेली. सुटकेच्या वहीत अधिकारी म्हणून सही माझी आहे.